तीन टिंबांच्या वाट्या

त्या वाट्यांचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. घरातले म्हणतात, सत्तरी ओलांडली, आता जुनं सोडा. मी सोडत नाही. लोणचं मुरतं तसे काही राग मुरू द्यावेत, ते नासत नाहीत. शिवाय यातला निम्मा राग माझ्यावरचाच आहे. तो सोडून कुणाच्या गळ्यात बांधू?

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सांगलीजवळच्या एका गावातल्या जैन शेतकऱ्याची मी मुलगी. अकरावी पास झाले, सांगलीत बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं आणि बाविसाव्या वर्षी सातारा जिल्ह्यात, कराडच्या बाजूच्या एका गावात बालवाडीची बाई म्हणून रुजू झाले. गाव उसाचं. दर दोन घरांआड एक माणूस फौजेत. हिवाळ्यात सगळ्या गावाला गुऱ्हाळाचा वास यायचा, पोरांच्या केसांनासुद्धा. चावडीला लागून एक खोली होती, तिथं पूर्वी जुनी दप्तरं पडलेली असायची. ती झाडून-सारवून आमची बालवाडी झाली. पंचवीस पोरं, एक फळा, पाण्याचा एक माठ आणि पंचायत समितीकडून आलेल्या पंचवीस जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वाट्या.

मदतीला एक मावशी होती. पन्नाशीची, विधवा, मूलबाळ नाही. सरपंचांच्या भावकीतली, त्यांनीच तिला कामावर लावलेलं. पोरांना घरोघरी जाऊन गोळा करायचं, माठ भरायचा, सुकडी वाटायची, भांडी घासायची. सुकडी म्हणजे गव्हाचं भाजलेलं पीठ आणि गूळ. सरकारकडून पोत्यातून यायची. मावशी कामाला वाघ होती. माझ्या नोकरीतले पहिले आठ महिने मी तिच्या जिवावर काढले, हे आधीच कबूल करते, कारण पुढं मी तिच्यावर फार ओरडणार आहे.

गावाच्या दोन आळ्या. वरच्या आळीत मराठे आणि बाकीची घरं. खालची आळी ओढ्यापलीकडं. तिला गाव महारवाडा म्हणायचं. तिथल्या माणसांनी बौद्ध धर्म स्वीकारून बरीच वर्षं झाली होती, पण गावाच्या तोंडातला शब्द काही बदलला नव्हता. माझ्या पंचवीस पोरांतली आठ खालच्या आळीतली. ती येतात, सगळ्यांबरोबर एका गोलात बसतात, एकच सुकडी खातात, याचा मला केवढा गर्व! आमच्या वरच्या अधिकारी बाई महिन्यातून एकदा जीपमधून यायच्या. त्यांना मी छाती पुढं काढून सांगायचे, "आमच्याकडं भेदभाव नाही." त्या वहीत लिहून घ्यायच्या आणि चहा पिऊन जायच्या.

गोलात ती आठ पोरं नेहमी दाराकडच्या बाजूला असायची. मी मनाशी म्हणायचे, लांबून येतात, उशिरा येतात, म्हणून दाराशी बसतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ती मी.

त्यातली एक मुलगी साडेचार वर्षांची. बाप फौजेत, आई मळ्यावर रोजानं जाणारी. कपाळावर बटा, नाक सदा वाहतं, आणि डोकं असं की मी चकित व्हायचे. चिंचोके मोजायला दिले तर बाकीची पोरं मोजायची, ही त्यांचे मोठे-लहान असे दोन ढीग लावून मग मोजायची. तिच्या आईशिवाय मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ही पोरगी शाळेत जायलाच हवी असं मी ठरवून टाकलं होतं. जूनमध्ये तिचं नाव पहिलीत घालायला मीच हाताला धरून नेणार होते. वय कमी आहे म्हणाले असते तर हेडमास्तरांशी भांडायचीही माझी तयारी होती.

सुकडी खाऊन झाली की ही आठ पोरं आपापली वाटी घेऊन बाहेर जायची, राखेनं घासायची, धुवायची आणि ओसरीच्या कोपऱ्यात पालथी घालून ठेवायची. बाकी सतरा पोरं वाटी जागेवर टाकून पळायची, ती मावशी घासायची. एकदा जीपवाल्या बाई आल्या तेव्हा मी त्या आठ जणांना पुढं बोलावलं. म्हटलं, "बघा, ही मुलं आपली वाटी आपण धुतात. याला म्हणतात स्वावलंबन. टाळ्या वाजवा सगळ्यांनी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं पण वाजवल्या. बाईंनी शेऱ्यात लिहिलं, 'स्वावलंबनाचे संस्कार उत्तम.'

हे आठवलं की अजून वाटतं, आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी.

आता माझ्या तांब्याविषयी सांगायला हवं. आमच्या घरात न गाळलेलं पाणी कुणी पीत नाही. दुहेरी फडक्यातून गाळायचं, मगच प्यायचं. पाण्यातल्या बारीक जिवांना इजा होऊ नये म्हणून. मी त्या गावात खोली घेऊन राहायला लागले तेव्हा आईनं पितळी तांब्या, त्यावर पेला आणि गाळायचं पांढरं फडकं दिलं होतं. मी रोज सकाळी पाणी गाळून तांब्या भरून, वर ते फडकं टाकून बालवाडीत न्यायचे, कोनाड्यात ठेवायचे, आणि संध्याकाळी घरी नेऊन स्वतः घासायचे. पोरांनी हात लावला तर सांडेल म्हणून सांगितलं होतं, बाईंच्या तांब्याला हात लावायचा नाही. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. आपला नेम आपल्यापाशी, असं आम्हांला लहानपणापासून शिकवलेलं.

फाल्गुनात वरून एक तक्ता आला. 'माणसे : साम्य आणि भेद.' हा पाठ पंधरा दिवसांत घ्या, असा कागद. तक्त्यावर ओळीनं माणसं उभी होती, शेतकरी, सैनिक, डॉक्टर, कोळी, सगळी गोरीगोमटी आणि इस्त्रीच्या कपड्यांतली. शेतकऱ्याच्या धोतराला चिखलाचा ठिपका नाही. खाली लिहिलेलं, 'पोशाख वेगळे, माणूस एक.' उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कुणी तरी काढलेला तक्ता तो. मी गुंडाळून ठेवला आणि म्हटलं, मी माझ्या पद्धतीनं शिकवते.

आणि शिकवलंही चांगलं. तेवढं मला म्हणू द्या. मी घरचा आरसा नेला. दोन-दोन पोरांना आरशापुढं उभं केलं आणि विचारलं, सारखं काय, वेगळं काय? पोरांनी जिभा काढल्या. सगळ्यांच्या जिभा तांबड्या, एकाची तेवढी पांढरी, कारण त्यानं खडू खाल्ला होता. कुणाचे कान टोचलेले, कुणाचे नाहीत. कुणाचं नुकतंच जावळ काढलेलं, डोक्याचा चकोट. गुडघा मात्र सगळ्यांचा फुटलेला. पोरं एकमेकांची नखं, ढोपरं, बेंब्या बघत होती आणि खदखदून हसत होती. शेवटी मी विचारलं, "मग सारखं जास्त आहे की वेगळं जास्त?" सगळी ओरडली, "सारखं!" मला वाटलं, जग जिंकलं.

तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं, असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, नसतं झालं बरं, फक्त मी सुखात राहिले असते.

दुसऱ्या दिवशी सुकडीच्या आधी मी सगळ्या वाट्या मधोमध मांडल्या. म्हटलं, आता वस्तू घेऊ. एकसारखं म्हणजे काय ते यांना वाट्यांवरून पटकन कळेल. एका कारखान्यात एका साच्यातून निघालेल्या पंचवीस वाट्या, यापेक्षा सोपं उदाहरण कुठलं? मी विचारलं, "या वाट्या कशा आहेत?"

मला 'सारख्या' हे उत्तर हवं होतं. सरपंचांचा नातू उठून उभा राहिला. चार वर्षांचा, गुबगुबीत, बोलायला सदा पुढं. तो म्हणाला, "येगयेगळ्या हायती."

"नीट बघ," मी म्हटलं. "कशा वेगळ्या?"

तो पुढं आला. बसला. एक वाटी उलटी केली, बुडाला बोट फिरवलं आणि उजवीकडं ठेवली. दुसरी उलटी केली, बोट फिरवलं, डावीकडं ठेवली. बाकीची पोरं सरसावली. कुणालाही विचारावं लागलं नाही. मिनिटाभरात दोन ढीग झाले. एकात सतरा, एकात आठ.

"ह्या आमच्या," तो म्हणाला, "आन् ह्या त्येंच्या."

मी आठातली एक वाटी उचलली. बुडाला खिळ्यानं ठोकलेली तीन टिंबं होती. आतून बोट फिरवलं की तीन पुळ्या हाताला लागत होत्या. आठ महिने त्या वाट्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. सुकडी वाटायच्या वेळी मी कोपऱ्यात बसून हजेरी आणि तक्ते भरायचे. वाटी कुणाची कुठली, कोण कुठं बसतं, कोण कुठं धुतं, सगळं माझ्या पाठीमागं व्यवस्थित चाललं होतं. आणि माझ्या पोरांना ते पाठ होतं. 'अ' यायच्या आधी त्यांना ते येत होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती कशी जाते हे मला त्या दिवशी कळलं. पण मी तोंड उघडायच्या आत त्या साडेचार वर्षांच्या पोरीनं कोनाड्याकडं बोट केलं.

"बाई, आन् तुमचा तांब्या?"

सरपंचांचा नातू म्हणाला, "त्यो आमच्यात."

"न्हाई," ती म्हणाली. ती कधी त्याच्याशी बोलायची नाही, पण हा ढीग लावायचा प्रश्न होता आणि ढीग चुकीचा लागलेला तिला खपत नसे. "त्यो आमच्यात. त्येला बी कुनी शिवत न्हाई. बाई बी त्यो आपल्या आपन धुत्यात." मग माझ्याकडं बघून इतकं गोड हसली. "बाई आमच्यातल्या हायती."

तिनं हिशोब अगदी बरोबर केला होता. मी शिकवला तसाच. सारखं काय ते बघून एकत्र ठेवायचं. आणि ती खूश होती, कारण तिला वाटलं, बाई आपल्या निघाल्या.

मी पोरांना त्या दिवशी लवकर सोडलं. मग मावशीवर तुटून पडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज चावडीपर्यंत गेला होता. लाज नाही वाटत, लेकरांच्या ताटात भेद करता, सरकारच्या वाट्या आहेत, तुमच्या बापाच्या नाहीत, असं बरंच. मावशी खाली बसून ऐकत होती. हातात खराटा होता. माझा दम संपला तेव्हा ती बोलली.

"झालं? आता माझं ऐका. खुणा मीच केल्या. सरपंचांच्या मालकीनबाईनं सांगितलं आन् मी केल्या. ह्या खुणा नसत्या तर वरच्या आळीचं एक प्वार तुमच्या ह्या खोलीत पाय ठिवत न्हवतं. मग कुनाला शिकवलं असतंसा? माझ्या खुणंवर तुमची बालवाडी हुभी हाय, बाई."

"मग बंद पडली असती तर पडू द्यायची होती!" मी म्हटलं. बाविसाव्या वर्षी असं म्हणायला काही लागत नाही.

"तुमाला सांगलीला जायला घर हाय," ती म्हणाली. "मला कुटं हाय?"

तिनं कोनाड्याकडं बघितलं.

"आन् तुमी तांब्या येगळा आनतासा, त्ये काय?"

"ते निराळं आहे. ते गाळलेलं पाणी आहे. आमच्या धर्माचा नेम आहे तो. कुणाला कमी लेखायचं म्हणून नाही."

"व्हय की," मावशी म्हणाली आणि उठून झाडायला लागली. "समद्यांचं धर्माचंच असतंय."

मला त्या बाईचा फार राग आला होता. नेम वेगळा आणि विटाळ वेगळा, हे मी शंभर जणांना समजावून सांगू शकते. तिला नाही सांगू शकले. आणि त्या पोरीला तर नाहीच.

त्या दुपारी मी एक खिळा आणि एक दगड घेतला आणि उरलेल्या सतरा वाट्यांना तीन-तीन टिंबं ठोकली. मग माझ्या तांब्यालाही ठोकली. पितळ जाड, खिळा दोनदा वाकला, अंगठा चेचला. प्रत्येक घावाला मी सरपंचीणबाईंना, मावशीला, जीपवाल्या बाईंना शिव्या देत होते. सगळ्या वाट्या पालथ्या मांडून ठेवल्या. पंचवीस वाट्या आणि एक तांब्या, सगळ्यांना तीच खूण. मनात म्हटलं, करा आता काय करायचा तो भेद. मला फार शूर वाटत होतं.

गावाला भेद करायला एक रात्र पुरली. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीची पोरं आली ती घरून वाटी घेऊन. पितळेच्या, स्टीलच्या, आणि प्रत्येकीवर नाव घातलेलं. आमच्याकडं लग्नात आलेल्या भांड्यांवर नावं घालतात ना, आजीचं, आईचं, आत्याचं, तशा. सरपंचांच्या नातवाच्या वाटीवर तर वंशावळच होती. मी त्या परत पाठवल्या तर पोरंही परत गेली. तिसऱ्या दिवशी खोलीत खालच्या आळीची आठ पोरं आणि वरच्या आळीतली एक, जिच्या आईला कामावर जाताना तिला ठेवायला कुठं जागा नव्हती.

सरपंच स्वतः आले. माणूस गोड बोलायचा. "बाई, तुमचं शिकवनं लय चांगलं हाय. पोरं घरी येऊन जिभा दाखवत्यात. पर भांड्याकुंड्यात नाक घालाया तुमाला कुनी सांगितलं? पंचायत समितीत आमची बी वळख हाय." मी म्हटलं, ओळख असेल तिथं सांगा. ते हसले. त्यांना राग यायची गरजच नव्हती, राग यायचं काम माझ्याकडं होतं. आठ दिवस दम धरला की मीच नमेन, हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच तिसऱ्या दिवशी त्या साडेचार वर्षांच्या मुलीचा बाप आला.

महिन्याच्या रजेवर आलेला होता. उंच, केस बारीक कापलेले, सिव्हिल कपड्यांतसुद्धा ताठ चालणारा. दारात चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मी आत या म्हटलं तरी आला नाही. सुकडी वाटायची वेळ होती. मी त्या दिवसापासून स्वतः वाटत होते. पोरं वाट्या घ्यायला ढिगापाशी गेली होती.

ती पोरगी ढिगापाशी उकिडवी बसली. एक वाटी उचलली, उलटी केली, टिंबं बघितली, ठेवली. दुसरी उलटी केली. ठेवली. तिसरी. एकेक करून ढिगातल्या सगळ्या बघितल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, माझी कंची?"

"कुठलीही घे," मी म्हटलं.

तिनं घेतली नाही. मावशीकडं बघितलं. मावशी खाली मान घालून बसली होती. मग पोरीनं बापाकडं बघितलं. हात मागं घेतले आणि तशीच बसून राहिली. बाकीच्या पोरांनी सुकडी खायला सुरुवात केली होती आणि ही, जिला सुकडी इतकी आवडायची, वाटी हातात घ्यायला घाबरत होती. सारखं सगळं झालं होतं ना. आता चुकलं तर कसं कळणार?

बाप बघत होता. मला वाटलं, हा माझे आभार मानायला आला असेल. खरंच वाटलं. मी त्याच्या पोरीसाठी गावाशी भांडत होते.

"बाई," तो म्हणाला, "ही काल घरी इचारत हुती, आपल्या वाटीला टिंब का हाय? आधी कवा इचारलं न्हवतं. तिला खूण ठावं हुती, पर तिचा अर्थ ठावं न्हवता. त्यो तुमी शिकवला."

"मी तर उलट..." मी बोलायला लागले.

"उलट का सुलट, मला कळत न्हाई. मी फौजेत हाय. तितं लंगर एक, पानी एक, बंकर एक. शेजारी कोन झोपलाय, त्येची जात कंची, गोळी इचारत न्हाई. रजेवर आलो की इष्टेशनावर उतरल्यापास्नं मला माझी जात कळाया लागतीया. मला सवय हाय. तिला अजून दोन-तीन वर्सं न कळंल तर बरं, असं वाटत हुतं." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "माझी बायको म्हनली, बाई चांगल्या हायती, पोरीला शाळंत घालनार म्हनत्यात. म्हनून बघाया आलो. एकच इचारतो. आमच्यातली एक वाटी भरून ह्या माठातलं पानी मी तुमाला दिलं तर तुमी पिनार?"

"पिणार की," मी लगेच म्हटलं. "का नाही?"

आता तो आत आला. ढिगातली एक वाटी घेतली, माठातून भरली आणि माझ्यापुढं धरली. मी वाटी हातात घेतली. आणि माझा दुसरा हात कोनाड्याकडं गेला. तांब्यावरच्या फडक्याकडं.

मी ते ठरवून केलं नाही. बावीस वर्षं मी पाणी हातात आलं की फडकं शोधत आले होते. हात आपोआप गेला, जसा पदर सावरायला जातो. फडकं बोटांत आलं तेव्हा मला कळलं मी काय करतेय. मी वर बघितलं. त्यानं बघितलं होतं. पोरीनं पण बघितलं होतं, आणि ती सगळं नीट बघणारी पोरगी होती.

"हे गाळायचं फडकं आहे," मी म्हणाले. "मी सगळंच पाणी गाळते. माझ्या आईच्या हातचं पाणी असलं तरी गाळते. खरंच."

"आसंल," तो म्हणाला. "माझा इस्वास हाय तुमच्यावर. पर तिला म्या काय सांगू, गाळायचं फडकं कंचं आन् इटाळाचं कंचं? तुमी शिकवा, मग आमी यू."

त्यानं पोरीला कडेवर घेतलं. ती जाताना माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. बापाच्या खांद्यावरून माझा हात, फडकं आणि वाटी, तिन्ही बघत होती. मनात कुठला ढीग लावत होती ते मला ठाऊक आहे. मी आता 'आमच्यातली' नव्हते. चपला घालून तो ओढ्याच्या वाटेला लागला. पुढच्या आठवड्यात तो त्या दोघींना घेऊन गेला, नोकरीच्या गावी की आणखी कुठं, कुणी नीट सांगितलं नाही. जूनमध्ये पहिलीच्या पटावर तिचं नाव नव्हतं. हजेरीत तिच्या नावापुढं कारण लिहायचं होतं. मी 'स्थलांतर' लिहिलं. शेऱ्यात 'स्वावलंबन', हजेरीत आणखी एक खोटा शब्द.

मला त्याचाही राग आला होता, हे लपवणार नाही. इतक्या सगळ्या गावात मला एकटीलाच का परीक्षेला बसवलं? सरपंचांना का नाही वाटी भरून दिली? त्या रागावर मी कितीतरी वर्षं जगले. मग एक दिवस कळलं, त्यानं सरपंचांना विचारलं नाही, कारण सरपंचांचं उत्तर त्याला माहीत होतं. माझ्याकडून त्याला आशा होती.

पण हे नंतरचं. त्या दिवशी ते दोघं दिसेनासे झाले तरी वाटी माझ्या हातात तशीच भरलेली होती. बुडाची तीन टिंबं बोटांना लागत होती. मी फडकं खाली टाकलं, वाटी तोंडाला लावली आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं. न गाळलेलं. जन्मात पहिल्यांदा. काही झालं नाही. ते पाणीच होतं, माठातलं, थोडं मातीच्या वासाचं.

मावशी कोपऱ्यातून बघत होती. तिनं खराटा भिंतीला टेकवला.

"आता कशापायी पितासा, बाई," ती म्हणाली. "बघनारी तर गेली."